विद्यापीठात काम निघालं की

परवा पोरीने पुणे विद्यापीठाकडे ट्रान्सक्रिप्टचा, म्हणजे सगळ्या वर्षांच्या मार्कांच्या दाखल्याचा, अर्ज भरला. कुठे, तर घरातच, सोफ्यावर मांडी घालून, एका हातात मॅगीचा बाऊल आणि दुसऱ्या हातात मोबाईल. पैसे भरले, कागद अपलोड केले, झालं. मी स्वयंपाकघरातून विचारलं, पुण्याला कधी जायचंय मग? तर म्हणे, कशाला?

कशाला ला मला पटकन उत्तर सुचलं नाही. खरंच कशाला. पण मग रात्री झोप लागेना आणि डोक्यात तो मनोरा, त्या कमानी, ती पायरी सगळं फिरायला लागलं, म्हणून हे लिहून टाकतेय. वाचणाऱ्यात नाशिककर असतील आणि चाळिशीच्या पुढचे असतील तर त्यांना कळेल मी काय म्हणतेय ते.

आमच्याकडे 'पुण्याला काम आहे' याचे दोनच अर्थ होते. एक तर कुणाचं तरी ऑपरेशन, नाहीतर विद्यापीठ. कॉलेज नाशकात, परीक्षा नाशकात, पास-नापास नाशकात, पण मार्कशीटवर शिक्का पुण्याचा. नाव दुरुस्ती, मायग्रेशन, डिग्री, काहीही निघालं की एसटी पकडा. आणि आम्ही तरी जवळचे म्हणायचे हो. विद्यापीठ १९४९ ला सुरू झालं तेव्हा त्याच्याखाली बारा जिल्हे होते, पार कोल्हापूरपर्यंत. १९६२ ला कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं मग तिकडचे सुटले, धुळे-जळगावचे मात्र १९९० पर्यंत पुण्यालाच जोडलेले होते. माझी आत्या जळगावला दिलेली, तिच्या दिरांची डिग्री आणायची तर ते आदल्या दिवशी आमच्याकडे मुक्कामाला यायचे आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुढे पुण्याला. म्हणजे आमचं घर हे विद्यापीठाच्या वाटेवरची धर्मशाळाच होती. १९९० नंतर नगर, नाशिक आणि पुणे एवढेच उरले.

माझी पहिली खेप १९९६ ची. कारण काय, तर मार्कशीटवर बाबांचं नाव चुकलेलं. वसंतचं स्पेलिंग उलटसुलट होऊन वसनत झालं होतं. आता बाबा होते प्रेसमध्ये. नाशिकरोडला प्रेस म्हटलं की पेपरवाली प्रेस नाही, सिक्युरिटी प्रेस, जिथे पोस्टाची तिकिटं, स्टॅम्पपेपर आणि पासपोर्ट छापतात. आम्ही नेहरूनगरच्या क्वार्टरमध्ये राहायचो. अख्खा जन्म छापलेलं तपासण्यात गेलेला माणूस आणि त्याचंच नाव चुकीचं छापून आलेलं! बिटकोपासून गाडीत बसलो ते मोहदरी घाट, सिन्नर, पार संगमनेर येईपर्यंत बाबा त्या अज्ञात क्लार्कचा उद्धार करत होते. "आमच्याकडे एक अक्षर इकडचं तिकडे झालं ना, तर अख्खी शीट रद्द होते. शीट!" मी खिडकीतून बाहेर बघत होते. कारण फॉर्म मीच भरलेला होता. घाईघाईत, मैत्रिणीच्या पाठीवर कागद ठेवून. हे मी बाबांना कधीच सांगितलं नाही, आज इथे पहिल्यांदा लिहितेय.

चंदनापुरी घाट, आळेफाटा, नारायणगावला चहा, मंचर, खेडचा घाट, चाकण, आणि मग एकदाचं शिवाजीनगर. तेव्हा शिवाजीनगरचं स्टँड जुन्याच जागी होतं, वाकडेवाडीला गेलं नव्हतं. रिक्षावाल्याला विद्यापीठ म्हटलं की त्याने एकदा आमच्या चपलांकडे बघायचं आणि एकदा हातातल्या फाईलकडे, आणि समजून जायचं की बाहेरगावचे.

फॉर्म दिला, पैसे भरले, कागद दुपारी चार वाजता मिळणार होता. वाजले होते साडेअकरा. बाबा म्हणाले चल, मेन बिल्डिंग बघू.

आता खरं सांगायचं तर मला पहिल्यांदा ती इमारत आवडली नाही. मला वाटलं होतं विद्यापीठ म्हणजे काहीतरी, काय सांगू, वर्ग असतील, फळे असतील, पोरं असतील. आणि समोर हा काळ्या-करड्या दगडाचा लांबच लांब महाल. कमानींची रांग, मध्येच एक मनोरा वर गेलेला ऐंशी फूट, त्यावर झेंड्याची काठी. पुढे बाग, आजूबाजूला एवढाले वड. चर्च म्हणावं तर चर्च नाही, किल्ला म्हणावं तर किल्ला नाही. मी म्हटलं बाबा हे ऑफिस आहे? ते म्हणाले, राजवाडा होता, आता ऑफिस आहे.

गव्हर्नरचा बंगला होता तो. मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरचा, पावसाळ्यात राहायला. गणेशखिंडीतलं गव्हर्नमेंट हाऊस. बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना १८६४ ला काम सुरू झालं, आणि आर्किटेक्ट होता जेम्स ट्रबशॉ. अमेरिकेत यादवी चालू असल्यामुळे तिकडचा कापूस बंद, त्यामुळे आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव, मुंबईत पैशाचा नुसता पूर. म्हणून साहेबांनी ऐसपैस काम काढलं. आणि १८६५ ला तिकडची लढाई संपली, इकडे कापूस आपटला, पेढ्या बुडाल्या, पण बंगल्याचं काम काही थांबलं नाही, खर्च वाढतच गेला. शेवटी तिकडे विलायतेत पार्लमेंटपर्यंत ओरड झाली म्हणे की एवढा खर्च कुणाला विचारून केला. पूर्ण व्हायला १८७१ उजाडलं. माझ्या मामाला मी हे नंतर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, म्हणजे सरकारी काम तेव्हापण इस्टिमेटच्या बाहेरच.

मामाबद्दल पुढे येतंच.

बाबांनी त्या दिवशी मला पायरीवर बसवून प्लेग कमिशनर रँडच्या खुनाची गोष्ट सांगितली. शाळेत शिकलेले असतोच आपण, पण शाळेत ते पुस्तकात घडलेलं असतं. २२ जून १८९७, राणीच्या राज्याला साठ वर्षं झाली म्हणून याच बंगल्यात मेजवानी, रात्री उशिरा साहेबांच्या बग्ग्या परत निघाल्या, आणि खाली गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधू वाट बघत उभे. गोंद्या आला रे! बाबांनी हे एवढ्या मोठ्याने म्हटलं की बाजूने जाणारा शिपाई थांबून बघायला लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बाबांना काही नाही. ते म्हणाले, बघ, त्या बग्ग्या इथनंच सुटल्या असतील, या पोर्चमधून. आणि बारा वर्षांनी आपल्या नाशकात कलेक्टर जॅक्सनला मारलं, विजयानंद थेटरात. म्हणजे बाबांच्या हिशोबात पुण्याने एक केलं तर नाशकाने पण एक केलं, बरोबरी झाली. मग त्यांनी पिशवीतून डबा काढला. गव्हर्नरच्या बंगल्याच्या पायरीवर बसून आम्ही दोघांनी पोळी आणि मटकीची उसळ खाल्ली, आणि त्या पायरीला मधोमध एक खोलगट भाग होता, लाखो पायांनी झिजून झालेला, त्यात उसळीचा थेंब सांडला तर बाबांनी रुमालाने पुसून घेतला.

ती खोलगट पायरी, तीच माझी. नंतर मी जितक्या वेळा गेले तितक्या वेळा तिथेच बसले. मायग्रेशनला गेले तेव्हा, एम.ए.ची डिग्री घ्यायला गेले तेव्हा, मैत्रिणीच्या पीएचडीच्या व्हायवाला नुसतीच सोबत म्हणून गेले तेव्हा. सगळ्या खेपा आता एकमेकीत मिसळून गेल्यात. काम असायचं दुसऱ्याच बिल्डिंगमध्ये, रांगही तिकडेच, पण मोकळा वेळ या पायरीवर. एकदा उन्हाळ्यात कमानीखाली व्हरांड्यात उभी होते, बाहेर चाळीस डिग्री आणि आत असा गारवा की पाय निघेना. व्हरांडा लांब, शेवटच्या कमानीतून येणारा माणूस आधी सावली म्हणून दिसतो, मग आवाज येतो चपलांचा, आणि खूप वेळाने चेहरा दिसतो. माझ्या डोक्यात पुणे विद्यापीठ म्हणजे तो चपलांचा आवाज आहे. (२०१४ ला सावित्रीबाईंचं नाव दिलं, उत्तमच झालं, पण जीभ काही वळत नाही लवकर.)

आणि ती इमारत काही चकाचक ठेवलेली नव्हती हं. दगडाच्या सांध्यातून पिंपळाची रोपटी आलेली, वरच्या कमानीला मधमाश्यांचं पोळं, पावसाचं पाणी उतरून उतरून भिंतीवर काळे ओघळ. एका ठिकाणी वायरींचा जुडगा खिळ्याला टांगलेला. आतल्या एका लाकडी दाराला ऑइलपेंटचे इतके थर दिलेले की कोरीवकामाची धार गेली, फुलांच्या पाकळ्या सगळ्या बटाट्यासारख्या दिसायच्या. मला ते सगळं आवडायचं. का ते सांगते. कारण आम्ही नाशिकची पोरं तिथे बिचकतच जायचो, पुण्याच्या पोरांचं मराठी वेगळं, चाल वेगळी, त्यांना सगळ्या खिडक्या माहीत. पण ही इमारत आमच्यासारखीच होती, चांगल्या घरची पण जरा दमलेली. तिच्यापुढे दबून राहायला व्हायचं नाही. चकाचक असती तर त्या पायरीवर डबा उघडायची माझी तरी छाती झाली नसती.

तर मग मुख्य इमारतीचं दुरुस्तीचं काम निघणार असं कानावर आलं. आता याला बरीच वर्षं झाली. मी कुठेतरी पेपरात वाचलं आणि पोटात कसंतरीच झालं. म्हणजे डागडुजी नको असं माझं म्हणणं नव्हतंच. दीडशे वर्षांची इमारत, गळणारच, आणि जुन्या नाशकात दर पावसाळ्यात एखादा तरी वाडा बसतो हे बघत मोठी झालेय मी, त्यामुळे 'जसं आहे तसं राहू द्या' वाल्या लोकांचं मला कौतुक नाही. जसं आहे तसं राहतच नाही ना, ते पडतं. पण मला भीती होती ती टाइल्सची. आपल्याकडे जीर्णोद्धार म्हटला की पहिल्यांदा ग्रॅनाइट येतं आणि मग स्टीलचं रेलिंग. किती देवळांचं झालंय बघा. दगडाला ऑइलपेंट मारून वर चकाकी आणतात.

मी मामाला फोन केला. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, पंचवटीत राहतो, गवंडीकामाचे ठेके घेतो. घ्यायचा. उमेदीत त्याने जुन्या वाड्यांची चुन्याची कामं केलेली, ज्या काळात सगळे सिमेंटच्या मागे होते तेव्हा हा चुना कालवत बसायचा म्हणून घरात त्याची चेष्टा व्हायची. मी म्हटलं मामा, पुण्याला चल माझ्याबरोबर, एक इमारत दाखवते. म्हणाला, काम आहे का? म्हटलं काम नाही, नुसतं बघायचंय. नुसतं बघायला पुण्याला? असं म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून साडेपाचला नाशकातल्या द्वारका चौकात माझ्याआधी हजर.

मला वाटलं होतं मामा मनोरा बघेल, कमानी बघेल, वा वा म्हणेल. मामाने वर बघितलंच नाही. तो सरळ भिंतीला जाऊन चिकटला. दोन दगडांच्या मधल्या सांध्यावर बोट फिरवत फिरवत कडेकडेने चालायला लागला, मांजर चालतं तसा. एका जागी थांबला. "हे बघ. हा चुना." थोडं पुढे जाऊन, "आणि हे इथे कुणीतरी सिमेंट भरलंय. बघ दगड कसा सुटलाय." खरंच, सिमेंट तसंच ठणठणीत होतं आणि त्याच्या शेजारचा दगडच पापुद्र्यासारखा निघत होता. मी म्हटलं, मग सिमेंट पक्कं ना? मामा माझ्याकडे असा बघायला लागला की एम.ए.ची डिग्री परत घ्यावी का काय.

मग त्याने मला तिथेच उभ्या उभ्या शिकवलं. की दगडी भिंत पाणी पितेच, पावसात पितेच, प्रश्न तो नाही. प्रश्न ती ओकते कुठून हा आहे. चुन्याच्या सांध्यातून ओल बाहेर पडते, भिंत श्वास घेते. सिमेंट भरलं की तोंड दाबल्यासारखं होतं, ओल आत अडकते, मग ती दगडातून वाट काढते आणि दगडच फोडते. चुना मऊ असतो म्हणून स्वतः झिजतो, दगडाला झिजू देत नाही. "घरातल्या म्हाताऱ्या बाईसारखा असतो चुना. स्वतः खंगते पण बाकीच्यांना सांभाळते." (हे तो मामीबद्दल बोलत होता का आजीबद्दल ते मी विचारलं नाही.)

आणि चुना काही पोतं फोडलं, पाणी टाकलं, झालं असं नसतं. चुनखडी भाजायची, तिचा कळीचा चुना होतो, तो पाण्यात टाकला की खदखदतो, वाफा येतात, हात घालाल तर सोलून निघेल. विझल्यावर मुरत ठेवायचा, जितका मुरेल तितका चांगला. मग वाळू, विटांची भुकटी घालून घाणीत मळायचा, गोल चरातून दगडी चाक फिरायचं आणि पुढे रेडा नाहीतर बैल. त्यात गुळाचं पाणी, हिरडा, बेलफळाचा गर, ज्याची जशी परंपरा. लावल्यावर पण तो लगेच कडक होत नाही, हवेतला वायू घेत घेत वर्षानुवर्षं हळूहळू परत दगड होत जातो. भाजून मोडलेला दगड भिंतीत बसून पुन्हा दगड होतो. हे मामा असं सांगत होता जसं काही विशेष नाही, आणि मी आपली व्हरांड्यात उभी राहून त्या करड्या रेघांकडे बघत होते, ज्यांच्याकडे वीस वर्षांत एकदाही लक्ष गेलं नव्हतं. मी दगड बघत होते. मधलं काही बघितलंच नव्हतं.

जमिनीवर सांध्यातून गळून पडलेला एक तुकडा होता, सुपारीएवढा. मामाने उचलला, नखाने खरवडला, बोटावर चोळला, वास घेतला. मग चक्क जिभेला लावला. मी म्हटलं मामा! तो म्हणाला, चांगला मुरलेला आहे. आणि तुकडा खिशात टाकला. आता तो हेरिटेजचा तुकडा खिशात टाकावा की नाही यावर कुणी मला उपदेश करू नये, झाडूने कचऱ्यात गेला असता तो.

मग मी त्याला माझी पायरी दाखवली. तो बसला. मी घरून डबा आणलेला होताच, मुद्दाम उसळच केलेली. बाबा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मी मामाला वसनतची गोष्ट सांगितली, म्हणजे बाबांनी क्लार्कला शिव्या घातल्या एवढीच. मामा हसला आणि म्हणाला, फॉर्म तूच भरला असशील. मी उसळ वाढत राहिले.

निघताना एकदा आतून भुयार आहे का ते विचारावं असं मामाच्या मनात आलं, कारण पोरांमध्ये एक अशी वदंता होती की साहेबाचं जेवण मुदपाकखान्यातून भुयारातून यायचं. तिथल्या वॉचमन काकांना विचारलं तर ते म्हणाले, आहे तर, पण तुम्हाला कशाला जायचंय? पुन्हा कशाला. मामा म्हणाला, बांधकाम बघायचंय. काका म्हणाले, साहेब, सगळे भूत बघायला येतात, बांधकाम बघायला तुम्ही पहिलेच. भुयार काही बघायला मिळालं नाही पण दोघांची दहा मिनिटं गप्पा झाल्या, काका निघाले अकोल्याचे, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या अकोल्याचे, आणि मामाची सासुरवाडी तिकडची.

त्यानंतर मी गेलेच नाही. काम झालं, इमारत नवीन झाल्यासारखी दिसायला लागली, फोटो येतात अधूनमधून कुणाच्या तरी स्टेटसला. विद्यापीठ चौकातला तो उड्डाणपूल पण मध्ये पाडला २०२० ला मेट्रोसाठी. ती पायरी बदलली का तशीच आहे ते फोटोत दिसत नाही, फोटो काढणारे सगळे मनोऱ्याचा काढतात.

काल म्हणून पंचवटीत गेले मामाकडे. आता त्याने कामं सोडलीत, गुडघे गेलेत, गोदेवर सकाळी एक चक्कर आणि बाकी टीव्ही. तो चुन्याचा तुकडा अजून आहे, देवघराच्या फळीवर, अंगाऱ्याच्या डबीशेजारी. मामीला वाटतं कुठल्यातरी तीर्थाचा आहे. मी मोबाईलवर त्याला इमारतीचे नवे फोटो दाखवले. त्याने चष्मा लावला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, अजून मोठा केला, मनोरा गेला, कमानी गेल्या, शेवटी स्क्रीनवर नुसते दोन दगड आणि मधली रेघ उरली, ती पण धुरकट. बराच वेळ बघत होता.

"असं नाही कळत," तो म्हणाला. "बोटाने खरवडून बघायला लागतं. पहिली गाडी अजून साडेपाचलाच असते का?"